प्रेशर वॉशिंगची गाडी बनवून घेताना माझे ४,३६,६०० रुपये कसे गेले

भोसरीतील एका फॅब्रिकेटरने माझ्या छोट्या हत्तीवर (टाटा एस टेम्पोवर) प्रेशर वॉशिंगचा, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने धुण्याचा, सेट बसवून देण्याचे ४,३६,६०० रुपये घेतले आणि रंगरंगोटी केलेला जुना पंप व निम्म्या ताकदीचे इंजिन माझ्या गळ्यात मारले. गोड बोलणे, आगाऊ रक्कम, "पुढच्या आठवड्यात नक्की" आणि शेवटी घाईघाईची डिलिव्हरी हा क्रम सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तो उगाळत बसत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये सोसायट्यांचे पोडियम, पेव्हर ब्लॉक आणि पाण्याच्या टाक्या धुण्याच्या धंद्यात सध्या बरीच मुले उतरत आहेत, आणि त्यातील काही जण मुद्रा कर्ज काढून अशीच गाडी तयार करून घेण्याच्या विचारात आहेत, म्हणून हे लिहितो आहे. नाही तर चारचौघांत स्वतःची शोभा करून घेण्याची हौस कोणाला असते?

कोटेशन असे होते: १३ एचपी पेट्रोल इंजिन आणि २०० बार (बार हे दाबाचे माप), मिनिटाला १५ लिटरचा इटालियन पंप मिळून १,६५,००० रुपये, १,००० लिटरची टाकी व फ्रेम ९०,०००, ५० मीटर होज आणि रील ४५,०००, गन, लान्स, नोझल व सरफेस क्लीनर ४०,०००, पाइपिंग आणि रंगकाम ३०,०००. एकूण ३,७०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६६,६००. बँकेने ८० टक्के, म्हणजे ३,४९,२८० रुपये, थेट त्याच्या खात्यावर आरटीजीएस केले. माझ्या वाट्याचे ८७,३२० रुपये मात्र त्याने "फर्मच्या खात्याचा थोडा प्रॉब्लेम आहे" असे सांगून दुसऱ्याच नंबरवर यूपीआयने मागितले, आणि मोबाइलवर फर्मऐवजी एका अनोळखी बाईंचे नाव आले. बिलावरचे नाव आणि खात्यावरचे नाव जुळत नसेल, तर तिथेच हात आवरावा.

आता ज्या क्षणाची आठवण झाली की आजही अंगाचा तिळपापड होतो, त्याबद्दल. डिलिव्हरीच्या दिवशी त्याने शेडसमोर इंजिन सुरू केले, गन माझ्या हातात दिली आणि दाब दाखवणाऱ्या गेजकडे बोट दाखवले. काटा सरळ २०० वर गेला. समोरच्या मळक्या भिंतीवर पांढरी रेघ उमटली आणि आजूबाजूच्या पोरांनी वाहवा केली. त्याच वेळी मला पंपावरच्या ऑइलच्या गोल काचेच्या कडेवर निळा रंग लागलेला दिसला होता. नवीन पंपाच्या काचेवर रंग कसा येईल? मी विचारलेही. तो म्हणाला, "फ्रेम रंगवताना पोराचा हात गेला, थिनर मारून देतो." पंपाच्या नेमप्लेटचे रिवेटही कोरे चकचकीत होते आणि त्यांच्याभोवतीचा रंग उडालेला होता. एवढे सगळे नजरेसमोर असताना मी त्या काट्याकडे पाहत राहिलो!

यावर "डोळे झाकून पैसे दिलेस" असे मला घरचेही म्हणाले, आणि ते मला मान्य नाही. मी तीन ठिकाणची कोटेशन घेतली होती, हा माणूस सर्वांत स्वस्त नव्हता, त्याच्या शेडमध्ये दुसऱ्या दोन गाड्यांचे काम चाललेले मी पाहिले होते, आणि बँकेनेही तेच कोटेशन मंजूर केले होते. प्लेटच बनावट असेल, तर ग्राहकाने प्रत्येक पंप उघडून पाहायचा काय?

पण बादली मात्र लावायला हवी होती. नोझलचे छिद्र लहान केले की थोड्या पाण्यावरही काटा २०० दाखवतो. प्रेशर असे भासवता येते, पाणी भासवता येत नाही. मिनिटाला १५ लिटर देणारा पंप २० लिटरची बादली ८० सेकंदांत भरतो. माझ्या पंपाला अडीच मिनिटे लागतात, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक धुताना घाण वाहून नेते ते पाणी. नुसत्या जोराने रेघा उमटतात आणि चिखल तिथेच राहतो. मोशीतील एका सोसायटीने याच कारणावरून माझे ३८,००० रुपयांचे काम अर्ध्यात थांबवले आणि एक रुपयाही दिला नाही.

इंजिनाची गंमत मिस्त्रीने दाखवली. वरच्या कव्हरवर १३ एचपीचे स्टिकर आहे आणि ब्लॉकवर १६८एफ कोरलेले आहे. १३ एचपीच्या चिनी बनावटीच्या इंजिनावर सहसा १८८एफ असते. मधले ६८ आणि ८८ हे आकडे बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाचे, मिलिमीटर आहेत. १६८एफ हे साडेसहा एचपीच्या आसपासचे इंजिन. बार गुणिले लिटर भागिले ६०० केले की किलोवॅट निघतात. २०० आणि १५ घेतले तर ५ किलोवॅट नुसत्या पाण्याला लागतात, पंपाची घट वेगळीच. हे गणित कोटेशन हातात पडताच करा.

टाकीचाही वेगळा ताप आहे. आत आडव्या पट्ट्याच नाहीत, त्यामुळे सिग्नलला ब्रेक मारला की पाणी पुढे आदळते आणि गाडी ढकलली जाते. शिवाय १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो, आणि छोट्या हत्तीची वहनक्षमता मॉडेलनुसार साधारण ७५० किलोच्या आसपास असते. आरसीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वजन छापलेले असते, ते पाहूनच टाकी ठरवा. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० लागतात. तो भरायचा गाडीमालकाने, फॅब्रिकेटरने नव्हे.

तक्रारीचे काय झाले, तेही ऐका. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, "माल मिळाला ना? मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा." बनावट नेमप्लेट लावून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालचा फसवणुकीचा प्रकार आहे, हे मी साहेबांना सांगू लागलो, तर "तुम्ही वकील आहात का?" असे विचारून त्यांनी अर्जावर शिक्का मारला आणि मला वाटेला लावले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर सांगण्यात आले की समोरासमोर झालेला व्यवहार सायबर गुन्ह्यात बसत नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होतो; महाराष्ट्राचा कोड २७ आणि गुजरातचा २४. पोर्टलवर शोधला तर तो केव्हाच रद्द झालेला निघाला. म्हणजे ६६,६०० रुपये कराच्या नावाने सरळ खिशात गेले. ही तर सरकारचीच चोरी आहे, असे समजून मी जीएसटी कार्यालयात गेलो, तर नोंदणी त्या राज्याची असल्याने तिकडे कळवा, असे उत्तर मिळाले. चोरी भोसरीत आणि तक्रार गुजरातेत! बँकेची तऱ्हा याहून न्यारी: पैसे देण्याआधी फर्मची चौकशी नाही, नंतर मात्र अधिकारी आले, गाडीसमोर मला उभे करून फोटो काढला, "मालमत्ता अस्तित्वात आहे" असा शेरा मारला आणि गेले. हप्ता दरमहा ७,५९४ रुपये कापला जातोच आहे.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर "व्यावसायिक वापर आहे, ग्राहक होत नाही" असे ऐकवले जाईल. ऐकून गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक वापरातून वगळलेली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. मी तिथे तक्रार दाखल केली आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे बोलणे, यूपीआयची पावती, प्लेटचे आणि ब्लॉकवरच्या क्रमांकाचे फोटो, बादली भरतानाचा सलग व्हिडिओ हे सर्व जोडले आहे. पंप उघडण्याआधी फोटो काढा, नाही तर "तुमच्याच मिस्त्रीने बदलला" असे उत्तर तयार असते. मला नोटिशीला नेमके तेच आले.

त्याची शेड अजून चालू आहे, फक्त पाटीवरचे नाव बदलले आहे. त्याच्या नव्या जाहिरातीत माझ्याच गाडीचा फोटो आहे, नंबर प्लेट पुसून, आणि खाली दर लिहिला आहे ३,९५,००० अधिक जीएसटी.