नस बाहेरून बघावी की आतून? डॉपलर, डाय, आयव्हस आणि दुर्बीण

लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानात दिवसभर उभे असणारे, चाकण-भोसरीत मशीनपुढे उभ्याने पाळी करणारे, चौकातले वाहतूक पोलीस. पायाच्या फुगलेल्या नसा अशा उभ्या कामात जास्त छळतात. आतून कॅमेऱ्याने बघितलं की खरं काय ते कळेल, असं पेशंटला वाटणं साहजिक आहे. पण आत शिरायची गरज एकाच गोष्टीवरून ठरते: बिघाड जांघेच्या खाली आहे की वर, पोटात.

खालचा बिघाड म्हणजे झडपा नीट न मिटणं. वर चढवलेलं रक्त पुन्हा खाली घसरतं. हे पकडायला डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफीच लागते, आणि ती उभ्याने करावी लागते. तपासायच्या पायावरचा भार काढून गुडघा किंचित वाकवायचा. प्रोब मांडीवर धरून पोटरी दाबायची, की रक्त वर जाताना निळं दिसतं. सोडली की झडप मिटून रंग नाहीसा व्हायला हवा. मिटली नाही तर तोच पट्टा लाल होतो. वरवरच्या नसेत हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर तो दोष धरतात, मांडीच्या खोल नसेत १ सेकंदापेक्षा जास्त. (निळा-लाल हे मशीनच्या सेटिंगवर आहे, रंग उलटणं महत्त्वाचं.) झोपवून घाईत केलेल्या डॉपलरमध्ये हा दोष सहज निसटतो. रिपोर्टात नसेची जाडी, उलट्या प्रवाहाचे सेकंद आणि खोल नसेत गुठळी आहे की नाही, हे तिन्ही नसेल तर तपासणी पुन्हा करून घ्यावी. तिचा खर्च पुढच्या प्रोसिजरपेक्षा कितीतरी कमी आहे.

वरचा बिघाड वेगळा. पोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या मोठ्या नसेवरून जाते आणि तिला मणक्यावर दाबते. मे आणि थर्नर यांनी १९५७ मध्ये हे वर्णन केलं. संपूर्ण डावा पाय मांडीपासून सुजणं, चालताना पाय ठणकून आडवं झाल्यावर बरं वाटणं, पूर्वी गुठळी झालेली असणं, लेझरने नस बंद करूनही घोट्याजवळची जखम परत उघडणं, ही त्याची लक्षणं. इथे डॉपलर तोकडं पडतं, कारण पोटातला वायू आणि खोली आड येते. मग सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी (नसांचं स्कॅन), आणि उपचाराचा विचार असेल तर कॅथलॅब, म्हणजे नसेत नळी घालून तपासणी-उपचार करायची खोली.

कॅथलॅबमधली खरी निवड डाय (एक्स-रेत नस दिसावी म्हणून टोचायचं औषध) आणि आयव्हस (नसेच्या आतून केलेली सोनोग्राफी) यांच्यात आहे. बागेतल्या पाइपवर पाय ठेवा आणि वरून बघा: पाइप चपटा होतो, पण वरून रुंद दिसतो. डाय घालून समोरून घेतलेल्या फोटोत दबलेली नस तशीच फसवते. आयव्हसमध्ये मांडीतल्या नसेतून तारेवरून एक बारीक नळी (कॅथेटर) पोटापर्यंत नेतात. त्याच्या टोकाशी सोनोग्राफीचा प्रोब असतो. तो हळूहळू मागे ओढताना नसेचा आडवा छेद दिसतो, भिंत, जुने चट्टे आणि क्षेत्रफळ मोजता येतं. डाय फार कमी लागतो, म्हणून किडनी नाजूक असलेल्यांना हा मार्ग बरा. क्षेत्रफळ साधारण ५० टक्क्यांहून जास्त घटलं तर ते अडथळा म्हणून गंभीरपणे बघतात.

पण आयव्हसही फसतं. रात्रीपासून उपाशी, पाणी न प्यायलेल्या माणसाच्या नसा आधीच ढिल्या पडलेल्या असतात, मग दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. शिवाय काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या नसेवरही हा दाब सापडतो. केवळ चित्र बघून स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालू नये, असं आमचं ठाम मत आहे. स्टेंट कायमचा असतो. आकाराने लहान पडला तर तो सरकून हृदयापर्यंत जाऊ शकतो, आणि रक्त पातळ करणारी औषधं काही काळ घ्यावीच लागतात.

आणि दुर्बीण? अँजिओस्कोप म्हणजे नसेत जाणारा बारीक कॅमेरा. रक्तातून आरपार काही दिसत नाही, म्हणून नस सलाइनने सतत धुवावी लागते. बाजूच्या फांदीतून रक्त आलं की चित्र लाल. शिवाय दिसतो तो आतला पृष्ठभागच. भिंतीची जाडी किंवा बाहेरून पडणारा दाब नाही. झडपेची दुरुस्ती करताना, किंवा बायपाससाठी वापरायच्या नसेतल्या झडपा कापताना एखादी राहिली का हे बघायला ती उपयोगी. नेहमीच्या व्हेरिकोज व्हेन्सच्या निदानाला ती लागत नाही.

जांघेखालचा दोष असेल तर लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी बाहेरच्या सोनोग्राफीवरच होते. लेझरचं टोक खोल नसेच्या तोंडापासून साधारण २ सेंटिमीटर मागे ठेवतात. जवळ गेलं तर गुठळी खोल नसेत सरकू शकते. नसेभोवती भूल मिसळलेलं सलाइन नीट भरलं नाही तर उष्णतेने कातडी किंवा शेजारचा संवेदना देणारा मज्जातंतू पोळू शकतो आणि घोट्याभोवती बधिरपणा राहू शकतो.

खर्चाचा अंदाज घेताना आयव्हसचा कॅथेटर पॅकेजमध्ये आहे की वेगळा, आणि मेडिक्लेमची मंजुरी त्याला मिळेल का, हे लेखी विचारा. पाय अचानक सुजून पोटरी दुखायला लागली, किंवा धाप लागली, तर तुलना करत बसू नका. त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.