शब्दकोश अ‍ॅप: अर्थ मस्त, वापराचं काय?

सभा, पंचायत, सरकारी कारभार असल्या शब्दांसाठी हे अ‍ॅप टाकलं आणि खरं सांगायचं तर अर्थ झकास दिलेत. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा एकच समजणारे ढिगाने भेटतात, इथे सरळ लिहिलंय की पंचायत म्हणजे निवडून आलेले लोक अन् ग्रामसभा म्हणजे मतदारयादीतले सगळेच, म्हणजे तुम्ही-आम्ही पण. अध्यादेशाचंही (म्हणजे तात्पुरता कायदा) भारी समजावलंय, राज्यपाल काढतात पण विधिमंडळ भरल्यावर ६ आठवड्यांत मंजुरी नाही मिळाली तर तो गेला, अधिनियमाचं, म्हणजे विधिमंडळाने पास केलेल्या कायद्याचं, तसं नसतं (बातम्यांत दोन्हीची खिचडी करतात, जाऊदे).

घोडं अडतं ते वापरात. 'गणपूर्ती' शोधलं तर 'किमान आवश्यक उपस्थिती' एवढंच, आता विधानसभेत ती १० सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश, यातलं जे जास्त ते, हे सांगायला काय जातं? आणि सभेत सगळे कोरमच म्हणतात, तो शब्द टाकला तर रिझल्ट शून्य! प्रस्ताव आणि ठराव तर एकमेकांचे समानार्थी दाखवलेत राव, अहो प्रस्ताव मांडतात, त्याला अनुमोदन मिळतं, चर्चा होते आणि पास झाला की मग तो ठराव. इतिवृत्त, म्हणजे सभेच्या कामकाजाची नोंद, लिहिणाऱ्याने हे बघून लिहिलं तर सभेत भांडणंच.

ऑफलाइन चालतं, जाहिराती नाहीत. परीक्षेच्या अभ्यासाला बिनधास्त घ्या, अर्ज-ठराव लिहायचे असतील तर आधी जुनं इतिवृत्त उघडा. ३ स्टार.