७९९ रुपयांचं 'सरकारी' रेसिंग पॅक: माझं झालं, तुमचं वाचवा

५ पैकी १ स्टार, तो पण पीडीएफ वेळेवर येते म्हणून.

नाव लिहीत नाही, उगाच डोक्याला ताप नको, पण पुण्यातल्या रेसवाल्यांच्या ग्रुपवर याची जाहिरात जोरात फिरतेय म्हणून लिहितोय. महिना ७९९, दर शुक्रवारी रात्री ब्रिटनच्या घोड्यांचे, जॉकींचे, ट्रेनरचे आकडे असलेली पीडीएफ, आणि वर लाल अक्षरात 'ब्रिटिश गव्हर्नमेंट सर्टिफाईड'. मी स्वतः लावणारा माणूस नाही, टोटवर (रेसकोर्सच्या बेटिंग काउंटरवर) ५० रुपये म्हणजे माझी उडी, पण आकड्यांचा किडा आहे आणि मामा सत्तरीचा झाला, त्याला कॅम्पातलं रेसकोर्स आणि ब्रिटनच्या एप्सम-अ‍ॅस्कॉट रेसकोर्सच्या गप्पा सोडून काही नको असतं, म्हणलं हेच देऊ वाढदिवसाला.

मामाने पहिल्याच शुक्रवारी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, अरे हा टॉपवेट (पाठीवर सगळ्यात जास्त वजन असलेला) घोडा सगळ्यात हलका कसा रे?

झालं असं की ब्रिटनमध्ये वजन अजून स्टोन-पौंडात लिहितात, आपल्याकडं किलोत. ९-११ म्हणजे ९ स्टोन ११ पौंड, १४ पौंडांचा एक स्टोन, म्हणजे ६२ किलोच्या जरा वर. या बहाद्दरांनी ते ९.११ असं दशांशात धरून ६.३५ ने गुणलं, आले ५७.८. आणि ९-४ वाला, जो खरा ५९ किलो, त्याचे झाले ५९.७. म्हणजे हँडिकॅपरने (घोड्यांना वजन ठरवून देणाऱ्याने) ज्याच्या पाठीवर ३ किलो जास्त टाकले तोच यांच्या तक्त्यात २ किलोनं हलका! सगळा तक्ता असाच. हँडिकॅप रेसमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीला आणतात त्या रेसमध्ये, वजनच चुकलं तर राहिलं काय, घोड्याचा रंग?

मग मी पण पेटलो आणि एकेक तपासत बसलो.

'सरकारी' हा शब्दच खोटा आहे. तिकडं रेसिंग सरकार चालवतच नाही. आधी जॉकी क्लब होता, १७५० पासूनचा, आता २००७ पासून ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटी, ती सरकारी खातं नाही, रेसिंगचीच संस्था. नियम, स्टुअर्ड (रेसचे पंच), लायसन्स, घोड्यांची रेटिंग (घोडा किती चांगला त्याचे गुण) सगळं तिच्याकडं. सरकारचा हात असतो तो पैशात. १९६१ च्या कायद्यानं लेव्ही बोर्ड झालं, बुकींना ब्रिटिश रेसिंगवरच्या नफ्यातून ५ लाख पाऊंडांच्या वरच्या रकमेवर १० टक्के द्यावे लागतात, २०१७ पासून परदेशात बसलेल्या ऑनलाईन बुकींना पण, आणि हल्ली वर्षाला १० कोटी पाऊंडांच्या वर जमतात, ते बक्षिसं, डोपिंग टेस्ट, घोड्यांच्या औषधपाण्याचं संशोधन असल्या गोष्टींना जातात. बुकींवर नजर ठेवायला गॅम्बलिंग कमिशन वेगळं. यातलं कोणीच कुठल्या पुण्याच्या पीडीएफवर शिक्का मारत नाही हो.

मजा म्हणजे यांच्या 'मागील रेकॉर्ड' मध्ये १० सप्टेंबर २०२५ ला चार ठिकाणच्या मीटिंग दाखवल्यात, रिझल्टसकट. त्या दिवशी ब्रिटनमध्ये एकही रेस झाली नाही! रेसिंगवरच्या ऑनलाईन बेटिंगचा टॅक्स वाढवायचा सरकारचा प्रस्ताव होता म्हणून रेसिंगवाल्यांनी स्वतःहून सगळं बंद ठेवलं होतं, लिंगफील्ड, कार्लाइल, अटॉक्सिटर, केम्प्टन चारही दुसऱ्या तारखांना हलवल्या. (नोव्हेंबरच्या बजेटमध्ये रेसिंगचा १५ टक्क्यांवरच ठेवला. आपल्याकडं बघा, ४० टक्के जीएसटी, रेसकोर्सवर चहा पिताना पण खिसा चाचपावा लागतो.) म्हणजे जुन्या कॅलेंडरवरून रिझल्ट 'तयार' केलेत, दुसरं काय.

जॉकीचा स्ट्राइक रेट (शंभर राइडमागे किती जिंकल्या) ३३ टक्के असं ठसठशीत लिहिलंय, पण राइड किती ते नाही. ३ पैकी १ आणि ३०० पैकी १०० एकच का? फ्लॅट (सपाट धावायच्या) आणि जंप (हर्डल वगैरे अडथळ्यांवरून उड्या मारायच्या) रेस पण एकात कालवल्यात. पुण्यात हर्डल होतच नाहीत, निम्मा कागद आपल्याला तसाही रद्दी.

मामासाठी मी आता काय करतो सांगतो. त्या अथॉरिटीच्याच साईटवर रेटिंग फुकट मिळतात, दर मंगळवारी नवीन, स्टुअर्डचे रिपोर्ट पण, कोणी चाबूक जास्त मारला (फ्लॅटला ६, जंपला ७ ची मर्यादा, ४ जास्त मारले तर घोडाच बाद) सगळं लिहिलेलं असतं. प्रिंट काढतो, ४० रुपये होतात.

रिफंड मागितला तर चॅटवर उत्तर आलं, 'सर डेटा ऑफिशियल आहे, वजन तुम्ही स्वतः कन्व्हर्ट करून घ्या'. ७९९ घेऊन गणित पण मीच करायचं. मामा म्हणतोय सोड रे, रविवारी इराण्याकडं बन मस्का तू दे, हिशोब फिटला. पण मी अजून रोज एक मेसेज टाकतोय, आज अकरावा.