नौपाड्यातली अभ्यासिका: वरची खुर्ची ठीक, खरा फायदा खालच्या खोलीत

जून-जुलै आला की एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, प्रवेश घेतलेल्या ज्युनियर मुलामुलींचा एकच मेसेज येतो: "ताई, अभ्यासिका लावू का?" कळवा, खारेगाव, विटावा इथल्यांचा तर हमखास. घर वन रूम किचन, टीव्ही एकच पण दिवसभर सुरू, आणि आजीला कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे त्याचा आवाज वरच्या पट्टीत. मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत बीएचं पहिलं वर्ष काढलंय, एसवायलाही तिथेच जाते, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. नाव टाकत नाही. घंटाळीपासून गोखले रोडपर्यंतच्या पट्ट्यात गल्लोगल्ली अशा अभ्यासिका झाल्यात आणि माझ्या बऱ्याच तक्रारी त्यातल्या बहुतेकींना लागू पडतील.

इमारत जुनी, लिफ्ट नाही. तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान, त्याच्या मागे एक लांबट खोली, आणि वरच्या मजल्यावर मुख्य हॉल. हॉलमध्ये प्लायवूडच्या केबिन, प्रत्येकीत ट्यूबलाइट, एक चार्जिंग पॉइंट आणि आधीच्या भाडेकरूंनी चिकटवून ठेवलेली प्रेरणादायी वाक्यं. पूर्ण दिवसाची फिक्स सीट महिन्याला 1400 रुपये, अर्ध्या दिवसाची 800, लॉकर हवा असेल तर वर 100, डिपॉझिट 500. अर्धा दिवस म्हणजे सकाळी 7 ते 2 किंवा दुपारी 2 ते रात्री 10. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं अंतर आहे, आणि रात्री परत निघताना रस्त्यावर माणसांची वर्दळ असते. मुलींच्या घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून आधीच सांगितलं.

अभ्यासिका चालवणारे काका पहिल्या भेटीत पूर्ण दिवसच गळ्यात मारतात. "कॉलेज म्हणजे बारावी नव्हे, बारा तास बसायला लागतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्याआधी एक साधा हिशेब करा. नव्या शैक्षणिक धोरणात सगळं क्रेडिटवर चालतं. थिअरीच्या एका क्रेडिटमागे वर्गातले 15 तास. नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये मात्र एका क्रेडिटला एकूण 30 तास धरलेत. म्हणजे उरलेले 15 तास तुमचे: वाचन, टिपणं, असाइनमेंट. आमच्या कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला 22 क्रेडिट होते. गुणाकार करा, 330 तास होतात. सेमिस्टरचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला 22 तास, रविवार सोडला तर रोजचे जवळपास पावणेचार. सकाळचं कॉलेज करणाऱ्या आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना दुपारची शिफ्ट पुरून उरते. सायन्सवाल्यांची प्रॅक्टिकलं दुपारभर चालतात, त्यांनी तर पूर्ण दिवसाचे पैसे भरणं म्हणजे रिकाम्या खुर्चीचं भाडं भरणं.

आता वरच्या हॉलबद्दल. शांतता आहे, खरोखर आहे. कुणी चिप्सचं पाकीट फोडलं तर चार केबिनमधून माना वर येतात. खुर्च्या बऱ्या, पाठीला त्रास होत नाही. एसीचं तापमान ठरवण्याचा अधिकार फक्त काकांना आणि त्यांना उकाडा फार होतो, तेव्हा मे महिन्यातही स्वेटर न्या. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, एसी नाही. वायफाय सकाळी पळतं, संध्याकाळी रांगतं. टॉयलेट स्वच्छ आहे, पण मुलींचं एकच, आणि परीक्षेच्या काळात तिथली रांग जिन्यापर्यंत येते.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. दारात बायोमेट्रिक मशीन आहे आणि महिन्याच्या शेवटी सर्वांत जास्त तास बसलेल्यांची यादी फळ्यावर लागते. स्पर्धा परीक्षावाल्यांना त्याने चढत असेल हुरूप. एफवायच्या पोरांचं मात्र त्याने वाटोळं होतं, कारण ती तास मोजायला लागतात. समोर पुस्तक उघडं, हातात पिवळा हायलायटर, आणि पानं रंगत जातात. गेल्या सेमिस्टरला यादीत वर झळकलेल्या एकाला दोन विषयांत केटी लागली, म्हणजे नापास होऊन ते पुन्हा द्यायची वेळ आली. आळशी नव्हता बिचारा. त्याचं पुस्तक मी पाहिलंय, त्यात पिवळं न झालेलं वाक्य शोधावं लागेल.

माझा विषय मानसशास्त्र असल्यामुळे हे मी नुसतं मनाने बोलत नाही. 2013 साली मानसशास्त्रज्ञ डनलोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं उपलब्ध संशोधन तपासलं. त्यात हायलाइट करणं आणि तेच तेच पुन्हा वाचणं या दोन्ही कमी उपयोगाच्या ठरल्या. वरच्या नंबरावर आल्या त्या दोन: स्वतःची चाचणी घेणं, आणि अभ्यास एका दमात न करता थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने करणं. आमच्या वरच्या हॉलमध्ये नेमकं उलटं चालतं.

कॉलेजला काय हवं असतं हेही तिथे बसून कळत नाही. बारावीपर्यंत सर उत्तर सांगायचे, आपण लिहून घ्यायचो, डायजेस्टमध्ये तेच छापलेलं असायचं आणि पेपरात तेच उतरवलं की गुण. कॉलेजात प्रश्न येतो: "उदाहरणासह चर्चा करा." कुणाचं उदाहरण? कसली चर्चा? कुणीच सांगत नाही. आमच्याकडे 100 पैकी 60 गुण लेखी परीक्षेचे आणि 40 अंतर्गत. त्या 40 मध्ये असाइनमेंट, सादरीकरण, वर्गचाचणी. असाइनमेंट दिली की मॅडम पहिल्यांदा शेवटचं पान उघडतात आणि संदर्भयादी बघतात. आमच्या विषयात ती एपीए पद्धतीनेच हवी: लेखकाचं आडनाव, वर्ष, शीर्षक, कुठे छापलं ते. एआयकडून लिहून आणलेल्यांना त्या शांतपणे विचारतात, "यातला दुसरा लेख तू वाचलास ना? काय म्हटलंय त्यात?" वर्गात मग बराच वेळ पंख्याचाच आवाज.

तेव्हा खालच्या खोलीकडे वळू. झेरॉक्सच्या मागची. काकांच्या लेखी ती दुय्यम, जाहिरातीत तिचा फोटोही नाही. एसी नाही, दोन पंखे, एक मोठं टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरा बोर्ड आणि दारावर कागद: "येथे बोलणे चालेल." मी माझ्या अर्ध्या दिवसाच्या आठशेतले निम्म्याहून जास्त पैसे या खोलीचे समजते.

तिथे मुख्यतः एमपीएससीवाले बसतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, त्यामुळे पर्यायांवर गोल करायची सवय असलेल्या या मंडळींना अचानक लांब उत्तरं लिहायला लागली. रोज संध्याकाळी एक प्रश्न बोर्डवर, मोबाइलवर वेळ लावायची, सगळ्यांनी लिहायचं, मग वह्यांची अदलाबदल. दुसऱ्याच्या वहीवर शेरे इतके निर्दय असतात की आमच्या मॅडम दयाळू वाटाव्यात. "पहिला परिच्छेद काढून टाकला तर काय बिघडेल?" "इथे मुद्दा कुठाय?" "हे मागच्याच वाक्यात म्हणून झालंय." कॉलेजच्या उत्तराला लागतं ते नेमकं हेच, आणि ते शिकवणारं दुसरं ठिकाण मला अख्ख्या ठाण्यात सापडलेलं नाही. एफवायची मुलं मात्र त्या खोलीत शिरायलाच बिचकतात. मोठी माणसं, मोठ्या परीक्षा. अहो, शिरा. त्यांनाही वह्या तपासायला माणसं हवीच असतात.

शहापूरहून येणारी एक ताई त्यातली म्होरकी. मी पाव्हलॉव्हचा धडा वाचत होते. इंग्रजी पुस्तक, माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातलं, त्यामुळे एकेक पान म्हणजे पारसिकचा डोंगर. ती म्हणाली, "मिट ते. मला मराठीत सांग." मी सांगितलं: कुत्रा, घंटा, अन्न, लाळ; अन्नाआधी दर वेळी घंटा वाजवली की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते. तिने विचारलं, "मग शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली की तोंडाला पाणी सुटायचं, त्यात अन्नाच्या जागी काय?" मी गप्प. डबा? डब्याचा वास? तो वास आणि घंटा आधी किती वेळा जोडीने यायला हव्यात? आणि सुट्टीतही ती घंटा रोज ऐकू आली, पण डबा मिळाला नाही, तर? एका प्रश्नातून धड्याची पुढची तीन पानं निघाली, आणि परीक्षेत ते उदाहरण माझं स्वतःचं होतं.

तिची पद्धत साधी आहे. युनिट वाचून झालं की पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहायचं. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरायचं. तोच कागद दोन-तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. लाल कमी होत गेलं की युनिट झालं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक यांनी हेच विद्यार्थ्यांवर करून पाहिलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा स्वतःची चाचणी घेणारे. वरच्या हॉलमधल्यांना "सगळं येतंय" असं का वाटतं आणि पेपरात का येत नाही, याचं उत्तर त्या पाच मिनिटांत आहे. विसरण्याचा अभ्यास तर एबिंगहाउसने 1885 मध्येच, तोही स्वतःवर, निरर्थक अक्षरं पाठ करून छापला होता. ताईला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. तिला हे प्रिलिमने, म्हणजे एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेने, शिकवलं.

भाषेचं म्हणाल तर आर्ट्सला उत्तरं मराठीतही लिहिता येतात, पण संदर्भ बहुतेक इंग्रजीतच सापडतात. माझा क्रम असा बसला: इंग्रजीत वाचायचं, खाली येऊन मराठीत बोलायचं, मग लिहायला घ्यायचं. मधली पायरी गाळली की असाइनमेंटमध्ये पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उतरतात.

या खोलीचे तोटेही सांगते. ती रात्री 8 लाच बंद होते, कारण झेरॉक्सवाला शटर ओढतो आणि वाट त्याच्याच दुकानातून आहे. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. कधीकधी चर्चा राजकारणावर जाते, मग तासभर उठून चहा प्यायला जावं हे बरं. आणि काका ही खोली अर्ध्या दिवसवाल्यांना "आहे की, बसा ना" म्हणून देतात, पण परीक्षेच्या महिन्यात तिथे जास्तीच्या सीटा टाकून तीही शांत करून टाकतात. नेमकी गरज असते तेव्हाच. यावर मी दोनदा भांडलेय, उपयोग झालेला नाही.

कुणी लावू नये? घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी. ट्रॅफिकमध्ये जाण्यायेण्यात जो वेळ जाईल त्यात एक युनिट होतं. ज्यांच्या कॉलेजची लायब्ररी संध्याकाळपर्यंत उघडी असते त्यांनीही आधी तिथे महिनाभर बसून बघावं. फुकट आहे, शिवाय तिथे पुस्तकं आहेत, जी अभ्यासिकेत नसतात. लायब्ररीत एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या संग्रहाचं, लॉगिन मागा. बऱ्याच कॉलेजांकडे असतं आणि त्यावरून संशोधनपर लेख मोफत उघडतात. आमच्या वर्गात ते कित्येकांना वर्ष संपेपर्यंत ठाऊक नव्हतं. मराठी पुस्तकांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, 1893 पासूनचं. ज्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वीपासून ग्रंथालय आहे तिथे वाचायला जागा नाही म्हणून प्लायवूडच्या खोक्यात बसायला पैसे मोजतो आपण, असो.

पाचपैकी साडेतीन. वरच्या हॉलला तीन, खालच्या खोलीला साडेचार, आणि त्या फळ्यावरच्या यादीपायी अर्धा कमी.

लावणारच असाल तर आधी एक दिवस फुकट बसायला मागा, काका नाही म्हणत नाहीत. तो दिवस संध्याकाळचा घ्या, सकाळी सगळ्याच अभ्यासिका छान दिसतात. जाताना आपल्या विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या साइटवरून उतरवून खालच्याच दुकानात प्रिंट काढा. त्यात युनिटवार तास आणि प्रश्नपत्रिकेचं स्वरूप दिलेलं असतं, आणि फिक्स सीट घ्यायची की नाही हे काकांपेक्षा तो कागद नीट सांगतो. जिन्याजवळची केबिन घेऊ नका, दर दोन मिनिटांनी बायोमेट्रिकचा "थँक यू" ऐकू येतो. आणि डिपॉझिटची पावती मागून घ्या. काका देतात, पण मागितल्यावरच.