वाशीतली प्रकल्प-आखणी आणि निधी कार्यशाळा: आखणीत पहिला वर्ग, बजेटमध्ये काठावर पास

सामाजिक संस्थांमध्ये प्रपोजल लिहिणाऱ्यांसाठीची ही कार्यशाळा तीन शनिवारांची आहे. फी माणशी साडेसात हजार, बॅच 24 जणांची. सगळं मराठीतून चालतं, हे महत्त्वाचं. इंग्रजी ट्रेनिंगमध्ये मुरबाड-शहापूरकडचा कार्यकर्ता दिवसभर मान डोलावतो आणि एक प्रश्न विचारत नाही. इथे तोच सगळ्यात जास्त बोलतो.

पहिला शनिवार एकटाच अर्धीअधिक फी वसूल करतो. लॅपटॉप बंद, जमिनीवर ब्राऊन पेपर, हातात रंगीत कार्डं. समस्या दिली जाते ती शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवरच्या शाळांतली घसरती हजेरी. पहिल्या फेरीत हमखास कार्ड पडतं: ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’. बहुतेक प्रपोजलं इथेच थांबतात आणि उपाय म्हणून जनजागृती मेळावा लिहून मोकळी होतात. प्रशिक्षक मात्र ‘का?’ सोडत नाहीत. मग खाली मुळं दिसायला लागतात. भात निघालं की गावात काम नाही, उचल आधीच घेतलेली, म्हणून दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं मुलांसकट वीटभट्ट्यांवर जातात. दुसरं मूळ पाण्याचं. तानसा आणि भातसा धरणं याच तालुक्यात, तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते, आणि हंडा मुलीच्या डोक्यावर येतो. हजेरीपटावर दोन्ही गैरहजेऱ्या सारख्याच दिसतात, पण एकीला हंगामी वसतिगृह लागतं, दुसरीला पाणी. हे ताडून न बघता केलेला लॉगफ्रेम (प्रकल्पाच्या आखणीचा तक्ता) कितीही सुबक असला तरी कागदच.

लॉगफ्रेमचे चार थर (उपक्रम, निष्पत्ती, बदल, अंतिम उद्दिष्ट) आणि प्रत्येकासमोर निर्देशक, पुरावा, गृहीतक अशी मांडणी करून घेतात. ‘120 पालकांची सभा झाली’ ही निष्पत्ती, ती ‘बदल’च्या रकान्यात टाकणाऱ्याचं कार्ड उलटं केलं जातं आणि विचारलं जातं, “सभेनंतर कोण काय वेगळं करेल, आणि ते आपल्याला कुठल्या वहीत सापडेल?” वही सांगता आली नाही तर निर्देशक बाद. बेसलाइनचा, म्हणजे सुरुवातीच्या मोजणीचा, सापळाही चांगला दाखवतात. जुलैत चाचणी दिली 40 मुलांनी, फेब्रुवारीत 26 जणांनी. उरलेली 14 भट्टीवर. मग सरासरी गुण वाढलेले दिसतात, कारण जी मागे पडली असती तीच मोजणीतून गळली. उपाय सरळ आहे: त्याच मुलांची नावनिशीवार यादी, पुढच्या वर्षी त्याच महिन्यात मोजणी, आणि गळालेल्यांचा वेगळा रकाना.

दुसरा शनिवार निधीचा, ठीकठाक. सीएसआर, म्हणजे नफ्याचा काही भाग सामाजिक कामावर खर्च करण्याची कंपन्यांची कायदेशीर जबाबदारी: कंपनी कायद्यातलं कलम 135, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के, परिशिष्ट 7 मधले विषय हे पटकन उरकतात, ते बरंच. ‘कामकाज असलेल्या परिसराला प्राधान्य’ या तरतुदीचा अर्थ मात्र ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपन्यांचा नकाशा समोर ठेवून समजावतात: दिघा-तुर्भ्याच्या वस्तीतलं काम घेऊन इथल्या कारखान्याकडे जाणं सोपं, शहापूरचं घेऊन जाताना कारण द्यावं लागतं. सीएसआर-1 नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थेची सरकारकडची नोंदणी) आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, हेही स्पष्ट सांगतात. राहतं ते धर्मादाय आयुक्तांकडचं प्रकरण. विश्वस्त बदलले पण चेंज रिपोर्ट (बदल नोंदवण्याचा अर्ज) मंजूर झालेला नाही, परिशिष्ट 1 वर (आयुक्तांकडच्या नोंदीचा उतारा) अजून दिवंगत विश्वस्तांचंच नाव, आणि कंपनीच्या कागदपत्र तपासणीत फाईल अडकते. प्रपोजलच्या भाषेपेक्षा यात जास्त दिवस जातात, आणि त्यावर इथे एक वाक्यही नाही.

तिसऱ्या दिवशी बजेट, आणि इथे गाडी घसरते. वाटलेल्या टिपणात छापलंय की सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांपर्यंतच. हे चूक आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवरचा थेट खर्च त्यात मोडत नाही. कंपनी करारात वेगळी अट घालू शकते, पण तो कायदा नव्हे, वाटाघाटीचा मुद्दा. परदेशी निधीची 20 टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा (2020 च्या दुरुस्तीआधी 50 होती) आणखी तिसरीच. या गोंधळाचा फटका सरावात लगेच दिसतो: अकाउंटंटचा पगार आणि ऑफिसभाडं लोक बजेटमधून काढूनच टाकतात.

बजेट असं हवं. दोन कार्यकर्ते, 15,000 प्रमाणे वर्षाचे 3,60,000. संस्थेला पीएफ लागू असेल तर मालकाचा 12 टक्के हिस्सा 43,200. समन्वयकाचा पाव वेळ, 32,000 पगारावर 96,000. अकाउंटंटचा दहावा हिस्सा, 20,000 वर 24,000. आसनगाव स्टेशनापासून पाड्यांपर्यंतचा प्रवास दोघांचा, महिन्याला 22 दिवस, 120 रुपये रोज: 63,360. टिपणातल्या नमुन्यात यातला फक्त पहिला आकडा आहे, बाकी ‘इतर 10,000’. असं बजेट मंजूर झालं तर वर्षभर खड्डा संस्थाच भरते.

हप्त्यांचं वेळापत्रकही नाही. करार ऑगस्टला झाला आणि शाळा जूनला सुरू झाली, तर दोन महिन्यांचे पगार कुठून? शेवटचा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेटनंतर (निधी खर्च झाल्याचा दाखला), म्हणजे खर्च आधी खिशातून. महिनावार रोखीचा तक्ता अर्ध्या तासात शिकवता आला असता. तो वेळ स्लाइडांच्या सजावटीवर गेला.

प्रपोजल लिहिणारा आणि फील्डवरचा अशी जोडी पाठवावी, एकट्या संचालकाला नको. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या मागच्या वर्षीच्या ऑडिटची प्रत न्यावी, म्हणजे नमुन्यातले कोरे रकाने खऱ्या आकड्यांनी भरता येतात. कंपन्यांच्या ओळखी मिळतील या आशेने जाऊ नये. तसं आश्वासन आयोजकही देत नाहीत. साडेनऊची वेळ आसनगावहून येऊन ठाण्याला ट्रान्स-हार्बर पकडणाऱ्यांना जड जाते, आधी कळवलं तर दहापर्यंत चालवून घेतात. पावती संस्थेच्या नावानेच मागावी, आणि फी चालू प्रकल्पात टाकायची असेल तर त्या बजेटात क्षमताबांधणीचं हेड मंजूर आहे का ते पैसे भरण्याआधी बघावं.