स्मूदीसाठी गोठवलेल्या फोडी की ताजं फळ आणि बर्फ?

आमच्याकडे मे महिन्यात हापूस उतरला की निम्म्या फोडी ताटलीत सुट्ट्या पसरून फ्रीजरमध्ये जातात. चार-पाच तासांनी कडक झाल्या की डब्यात भरायच्या. एकदम डब्यात कोंबल्या तर त्यांचा दगड होतो, मग सुरीनेही तुटत नाही.

या फोडींची स्मूदी चमच्याने खावी इतकी दाट होते, कारण त्यात वेगळं पाणी पडतच नाही. बर्फ घातलेली स्मूदी पहिल्या घोटाला छान लागते. दहा मिनिटांनी मात्र वर पाणी, खाली गाळ! पण मिक्सर साधा असेल तर गोठलेल्या फोडींनी तो घरघरतो. पाच मिनिटं बाहेर ठेवा, थोडं दही आधी घाला आणि थांबत थांबत फिरवा. केळं गोठवायचं तर सोलूनच, नाहीतर साल काढताना बोटं बधिर होतात.

अननस दोन्ही प्रकारांत दगा देतो. त्यातलं ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम (पाचक द्रव्य) दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून दुधात तो थोड्याच वेळात कडवट होतो, आणि गोठवून हे थांबत नाही. अननसाला नारळाचं दूध बरं.

ताजं फळ हाताशी असेल आणि लगेच प्यायचं असेल, तर बर्फ चालेल. मी फोडीच घेते.