ऑटोमॅटिक गाडीला जादा एटीएफ कूलर: उन्हाळा, पावसाळा आणि घाट बघून झाल्यावर

निष्कर्ष आधी सांगतो. एक्स्प्रेसवेवर एका लयीत शंभरने पळणाऱ्या गाडीला जादा एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) कूलरने जवळपास काहीच फरक पडत नाही. फरक कळतो तो रविवारी सिंहगडाच्या रांगेत, खंबाटकीला ट्रकच्या मागे, नाहीतर मे महिन्यात भरल्या गाडीने माणगावकडून ताम्हिणी चढताना.

वेग धरला की टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लच लागतो, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात आणि तेल घुसळणं थांबतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढताना लॉकअप बहुतेक वेळ सुटलेलाच असतो. इंजिनाची बरीच ताकद तेल घुसळण्यात जाते आणि त्याची उष्णता होते. नेमका तेव्हाच समोरून वारा नसतो; कूलरला मिळेल ती हवा फॅन ओढेल तेवढीच. कूलर कुठे बसवायचा हे इथेच ठरतं. बंपरच्या कोपऱ्यात, फॉगलॅम्पच्या मागे मोकळी जागा दिसली की बरेच गॅरेजवाले तिथेच ठोकून देतात. तिथे हायवेला वारा भरपूर, रांगेत शून्य. जागा एकच: एसी कंडेन्सरच्या (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) पुढे, फॅनच्या ओढीत.

माझी गाडी सात सीटची, डिझेल, सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. मूळ कूलर रेडिएटरच्या टाकीतच आहे. नवा कूलर प्लेट टाइप, साधारण २८० बाय १५० मिमी, जाडी २० मिमीच्या आत, ३/८ इंची निपल (होज चढवायचं तोंड). ट्यूब-फिन स्वस्त पडतो, पण त्यात सगळं तेल एकाच लांब नळीतून फिरतं, त्यामुळे थंड, घट्ट तेलाला अडथळा जास्त. प्लेटमध्ये वाटा समांतर असल्याने तेल वाट काढतं. सोबत थर्मोस्टॅटिक बायपास घेतला आहे: तेल थंड असेपर्यंत ते कूलर टाळून वळवणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ अंशांना कूलरची वाट उघडणारा. पुण्यात हा फालतू खर्च वाटेल, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळी पारा दहाच्या आसपास असतो. तेल गरम व्हायला वेळ लागला की लॉकअपही उशिरा लागतो आणि ॲव्हरेज पडतं.

होजवर पैसे वाचवू नका. ३/८ इंच आतला व्यास, अंगावर एसएई जे१५३२ (गिअरबॉक्स ऑइल कूलरच्या होजचं मानक) छापलेला, दीड ते दोन मीटर. नाना पेठेत 'ऑइल होज' म्हणून काहीही हातात ठेवतात. हीटरचा, म्हणजे कूलंटचा होज तेलात फुगतो आणि मऊ पडून निपलवरून सुटतो. छपाई वाचून घ्या.

मूळ कूलर काढू नका. क्रम असा: गिअरबॉक्स, रेडिएटरमधला कूलर, नवा कूलर, परत गिअरबॉक्स. नवा आधी ठेवला तर त्याने थंड केलेलं तेल चढावर ९५-१०० अंशांच्या कूलंटजवळून पुन्हा तापून निघतं. रिटर्न लाइन (तेल गिअरबॉक्सकडे परत नेणारा पाइप) ओळखायला थंड गाडी चालू करून दोन्ही पाइपांना हात लावा: आधी तापतो तो गिअरबॉक्समधून येणारा, दुसरा रिटर्न. रेडिएटरवरून रिटर्नचा रबरी होज काढून तिथेच नवी जोडणी केली तर धातूचा पाइप कापावाच लागत नाही. कापायची वेळ आलीच तर ट्यूब कटर वापरा. हॅकसॉचा कीस व्हॉल्व्ह बॉडीत (गिअरबॉक्समधला तेलाच्या वाटा सांभाळणारा भाग) गेला तर पुढचं बिल कूलरच्या कितीतरी पट येतं. कापलेल्या टोकाला उठाव पाडून घ्या. गुळगुळीत पाइपवर क्लिप कितीही आवळली तरी होज सरकतो.

किटसोबत नायलॉनच्या काड्या येतात, कंडेन्सरच्या फिनमधून आरपार घालून कूलर बांधायला. त्या सरळ फेकून द्या. आपल्या खड्ड्यांत आणि स्पीडब्रेकरवर कूलर सतत थरथरतो, काडी आधी फिन घासते आणि मग कंडेन्सरची नळी. भोक पडलं की एसीचा गॅस गेला. २५ बाय ३ मिमी ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या रेडिएटरच्या वरच्या-खालच्या सपोर्टला बोल्टने धरा, कंडेन्सरपासून १२ ते २० मिमी अंतर ठेवा, मध्ये रबरी वॉशर घाला. निपल वर किंवा बाजूला ठेवा. खाली केले तर वरच्या भागात हवा अडकते. होज जिथे पत्र्याच्या कडेला टेकतो तिथे चिरलेला कॉन्ड्युट (प्लास्टिकची संरक्षक नळी) चढवा.

तेलाची लेव्हल हा सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा भाग. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी लिफ्टवर अगदी सपाट, इंजिन चालू, लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद, आणि तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला (बऱ्याच गाड्यांत ४० अंशांच्या आसपास) असताना ओव्हरफ्लो प्लग उघडायचा. बारीक धार येऊन थांबत आली की लेव्हल बरोबर. तेल जास्त तापलेलं असेल तर फुगलेलं तेल बाहेर जातं आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स उपाशी राहतो. बायपास असेल तर आणखी एक मेख: ४० अंशांना तो बंद असल्याने नवा कूलर नीट भरलेलाच नसतो. लेव्हल बरोबर दिसते आणि गाडी तापल्यावर कमी पडते. म्हणून कूलर आणि होज जोडण्याआधीच भरून घ्या, अर्ध्या लिटरच्या आत बसतं. तेल गाडीच्या स्पेसिफिकेशनचंच. प्लगचं वॉशर नवं.

आता आकडे. ओबीडी ॲडॉप्टरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) बघितलं तर घाटातल्या रांगेत पूर्वी ११५ अंशांच्या पुढे सरकणारं गिअरबॉक्स तेलाचं तापमान आता शंभरच्या आसपास अडतं, आणि चढ संपल्यावर लवकर उतरतं. १२० च्या वर तेल झपाट्याने करपतं, त्यामुळे हा फरक मोठा आहे. हायवेला आधी ८५-९०, आताही तेच.

तोटेही आहेत. कंडेन्सरला आता तापलेली हवा मिळते, त्यामुळे मे महिन्यात सिग्नलला एसी किंचित ढिला पडतो. पावसाळ्यात कूलर आणि कंडेन्सरच्या फटीत चिखल आणि पानं अडकतात. साध्या पाइपने, आतून बाहेर धुवायचं; प्रेशर वॉशरने फिन आडव्या होतात. नवं रबर गरम-थंड होऊन दबतं आणि निपलपाशी तेलाचा ओलसर कडा दिसतो, म्हणून पहिल्या आठवड्यात आणि महिन्याभराने चारही क्लिपा बघून हलकेच आवळा. जोर केला तर क्लिप रबर कापते.

रेडिएटरमधला मूळ कूलर आतून फुटला तर हा जादा कूलर काही वाचवत नाही. कूलंट एटीएफमध्ये मिसळलं की तेल गुलाबी दुधासारखं दिसतं आणि क्लच प्लेटचं अस्तर सुटायला लागतं. जुन्या गाडीत हे काम काढलंच आहे तर रेडिएटरची तब्येतही बघून घ्या.

एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच-गिअर यंत्राने बदलणारा) किंवा ड्राय क्लचच्या डीसीटीला (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) याचा उपयोग नाही, तिथे क्लचमधून तेल फिरतच नाही. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी 'चालेल' वर जाऊ नका.